पदवी हातात, परवानगी नामंजूर

अमेरिकेत एम. एस. करणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा ‘ओपीटी डिनाय झाली’ असा निरोप पुण्यातल्या किंवा नाशकातल्या घरी येतो, तेव्हा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी हाच असतो, की आता लगेच बॅगा भरून परत यावे लागणार का. मागोमाग बाकीचे येतात : ठरलेली नोकरी गेली का, पुन्हा अर्ज करता येतो का, पुढे कधी व्हिसा मिळेल का, आणि इतके चांगले गुण असताना नकार आलाच कसा. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, कारण गुणांचा, विद्यापीठाच्या नावलौकिकाचा किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या मोठेपणाचा या निर्णयाशी संबंध नसतो. तेथे पाहिल्या जातात त्या तारखा, कागद आणि दर्जाची नोंद. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे नकाराचे पत्र कॅलेंडरच्या कोणत्या दिवशी हाती पडले यावर ठरतात, म्हणून हे प्रकरण बरेचसे दिवसांच्या हिशेबाचे आहे.

हा हिशेब थोड्याथोडक्यांचा नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांपैकी ९७,५५६ जण शिक्षण संपवून ओपीटीवर होते, अशी नोंद ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालात आहे. म्हणजे दर दहांमागे सुमारे तीन.

१. व्हिसा, दर्जा आणि कामाची परवानगी

नकार नेमका कशाला मिळाला आहे हे समजण्यासाठी बोलीभाषेत एकाच ‘व्हिसा’ या शब्दाखाली जाणाऱ्या तीन गोष्टी आधी सुट्या करून घ्याव्या लागतात. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा फक्त देशाच्या दारापर्यंत जाण्याचा कागद असतो. मुंबईच्या वकिलातीने तो दिला, विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पाहिला, की त्याचे काम त्या प्रवासापुरते संपते, आणि विद्यार्थी आत असताना त्याची मुदत संपली तरी राहण्याच्या हक्कावर त्याचा परिणाम होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा. विद्यार्थ्याचा दर्जा एफ-१ म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या आगमन-नोंदीवर, म्हणजे आय-९४ वर, ठरावीक तारखेऐवजी ‘डी/एस’ अशी अक्षरे असतात, ज्यांचा अर्थ एवढाच, की नियम पाळून शिक्षण व त्याला जोडलेले प्रशिक्षण चालू असेपर्यंत राहण्याची मुभा आहे. तिसरी गोष्ट कामाची परवानगी, आणि ती या दोन्हींपेक्षा वेगळी असते.

एफ-१ दर्जा असलेल्याला शिक्षण संपल्यावर आपल्या विषयातल्या कामाचा अनुभव घेता यावा म्हणून जी बारा महिन्यांची परवानगी मिळू शकते, तिला ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ अर्थात ओपीटी म्हणतात. परवानगी मिळाल्याचा पुरावा म्हणून फोटो असलेले एक कार्ड येते, ते ईएडी कार्ड. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या ‘स्टेम’ विषयांच्या पदवीधरांना पुढे आणखी चोवीस महिन्यांची वाढ मागता येते. अर्ज नामंजूर होतो तो या तिसऱ्या गोष्टीचा. त्याच क्षणी दर्जा संपतोच असे नाही, आणि पासपोर्टवरचा व्हिसा तर त्या पत्राने रद्द होत नाही. ‘लगेच परत यावे लागणार का’ या प्रश्नाचे उत्तर या फरकात दडलेले आहे.

२. कायद्यात नसलेली सवलत

विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी काम करू देण्याची पद्धत अमेरिकेत १९४७ च्या नियमांपासून चालत आली असून ओपीटी हे नाव १९९२ मध्ये रूढ झाले. मात्र तेथील संसदेने केलेल्या कायद्यात ही योजना अशा शब्दांत कोठेही लिहिलेली नाही, ती प्रशासनाने केलेल्या नियमांवर उभी आहे. २००८ मध्ये स्टेम पदवीधरांना सतरा महिन्यांची वाढ देणारा नियम आला, लोकांची मते न मागवता तो केला म्हणून २०१५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि १० मे २०१६ पासून चोवीस महिन्यांचा नवा नियम लागू झाला. योजनेच्या मुळावरच घाव घालणारा अमेरिकन तंत्रज्ञ कामगारांच्या संघटनेचा दावा वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये फेटाळला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला. या इतिहासाचा अर्जदाराला लागू पडणारा भाग असा, की योजना नियमांच्या आधाराने चालत असल्यामुळे अधिकारी नियमाची अक्षरे पाहतो आणि त्यातील दिवसांच्या मर्यादा सैल करण्याची मोकळीक त्याला जवळजवळ नसते.

३. शिफारस एकाची, मंजुरी दुसऱ्याची

ओपीटीची वाट दोन कार्यालयांतून जाते. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणारा एक नेमलेला अधिकारी असतो, त्याला डीएसओ म्हणतात. तो ‘सेव्हिस’ या केंद्र सरकारच्या संगणकीय नोंदवहीत विद्यार्थ्याला ओपीटी द्यावी अशी शिफारस नोंदवतो आणि ती छापलेला नवा आय-२० हा कागद देतो. त्यानंतर विद्यार्थी स्वतः आय-७६५ हा अर्ज ‘यूएससीआयएस’कडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे, पाठवतो आणि निर्णय तेथे होतो. जमिनीच्या व्यवहारात तलाठ्याने फेरफाराची नोंद घेतली तरी मंडल अधिकाऱ्याने ती प्रमाणित करीपर्यंत सातबारा बदलत नाही, तसेच येथे आहे : आय-२० वर शिफारस छापून आली म्हणजे परवानगी मिळाली असे समजून कामाला लागणारा विद्यार्थी बेकायदा काम करत असतो, त्याच्याकडे विद्यापीठाची सही असली तरी.

डीएसओविषयी आणखी एक गोष्ट सांगून टाकणे बरे. तो बहुधा मदतीला तत्पर असतो, पण तो विद्यापीठाचा नोकर आहे, विद्यार्थ्याचा वकील नव्हे; सेव्हिसमधली नोंद बरोबर ठेवणे हे त्याचे काम आणि अर्ज वेळेत पोहोचवणे हे विद्यार्थ्याचे.

४. तारखांचे उदाहरण

शिक्षण संपल्यानंतरच्या ओपीटीला तीन मुदती लागू होतात. अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेआधी ९० दिवसांपासून अर्ज करता येतो, ती तारीख उलटल्यावर ६० दिवसांच्या आत तो पोहोचावा लागतो, आणि डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आतही तो पोहोचावा लागतो. अडचण अशी, की या तिन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यात बहुधा साठ दिवसांचीच असते.

समजा, आय-२० वर अभ्यासक्रम संपण्याची तारीख १५ मे २०२६ आहे. (पदवीदान समारंभ कधीही असो, हिशेब याच तारखेपासून होतो.) नव्वद दिवस मागे मोजले तर १४ फेब्रुवारी येते आणि साठ दिवस पुढे मोजले तर १४ जुलै. कामाची सुरुवातीची तारीखही १६ मे ते १४ जुलै यांच्यामधलीच मागावी लागते. आता एका विद्यार्थिनीसाठी डीएसओने २ मार्चला शिफारस नोंदवली. तिला वाटले, अजून चार महिने आहेत. परीक्षा, प्रबंध, घर बदलणे यांत दिवस गेले आणि तिचा अर्ज यूएससीआयएसला ६ एप्रिलला मिळाला. तीस दिवसांची मुदत १ एप्रिलला संपली होती. चौदा जुलैला अजून तीन महिने असतानाही हा अर्ज नामंजूर होण्यास पात्र आहे.

आता याच विद्यार्थिनीला नकाराचे पत्र कधी मिळते हे पाहावे. ते २० जूनला आले, तर १४ जुलैपर्यंत २४ दिवस उरतात. त्या अवधीत डीएसओने जुनी शिफारस रद्द करून नवी नोंदवली, नवा आय-२० दिला आणि पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज पोहोचला, तर पहिला अर्ज झालाच नव्हता असे धरून पुढे जाता येते आणि नुकसान होते ते फक्त पैशाचे व काही आठवड्यांचे. तेच पत्र २० ऑगस्टला आले, तर चूक तीच, विद्यार्थिनी तीच, पदवी तीच, पण नवी शिफारस नोंदवण्याची मुदत निघून गेलेली असते. लवकर अर्ज करण्याचा खरा फायदा येथे आहे. कार्ड लवकर मिळते हे खरेच, पण चूक झालीच तर ती साठ दिवसांच्या आत उघडकीस येते, हे त्याहून मोलाचे. जादा शुल्क भरून ३० कामकाजाच्या दिवसांत निर्णय मागण्याची जी जलद सेवा आहे, तिचाही उपयोग या दृष्टीने पाहावा. मात्र त्या दिवसांत मंजुरीच मिळेल अशी हमी त्यात नसते, त्या मुदतीत काहीतरी पाऊल उचलले जाईल एवढेच आश्वासन असते, आणि ते पाऊल नकाराचेही असू शकते.

हे वेळापत्रक कार्यालयाच्या स्वतःच्या चुकीपुढे मात्र एकदा वाकले आहे. २०२० च्या हिवाळ्यात अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रांवर टपालाचे ढीग साचले आणि वेळेत पाठवलेल्या अर्जांच्या पावत्या कित्येक आठवडे निघाल्या नाहीत, तेव्हा यूएससीआयएसने २६ फेब्रुवारी २०२१ रोजी सवलत जाहीर करून १ ऑक्टोबर २०२० ते १ मे २०२१ या काळात मिळालेल्या अर्जांपैकी जे परत गेले होते ते मूळ तारखेलाच मिळाले असे धरण्याची तयारी दाखवली.

५. परत आलेले पाकीट, आलेली विचारणा आणि नकार

अर्ज ‘रिजेक्ट’ होणे आणि ‘डिनाय’ होणे हे विद्यार्थ्यांच्या बोलण्यात एकच असले, तरी नियमात ते दोन वेगळे प्रकार आहेत. सही राहिली किंवा शुल्काची रक्कम चुकली तर अर्ज आत घेतलाच जात नाही, पैशांसह परत येतो. तो रिजेक्ट झालेला अर्ज. डिनाय झालेला अर्ज आत घेतलेला, तपासलेला आणि नामंजूर केलेला असतो व त्याचे शुल्क परत मिळत नाही. ऐकताना पहिला प्रकार सौम्य वाटतो, प्रत्यक्षात तो कधीकधी जास्त घातक ठरतो, कारण परत आलेल्या अर्जाला दाखल झाल्याची तारीखच राहत नाही. वरच्याच उदाहरणात समजा, शिफारस २२ जूनची, पाकीट केंद्रावर पोहोचले ६ जुलैला, सही नव्हती म्हणून ते परत निघाले आणि विद्यार्थिनीच्या हाती २० जुलैला पडले. तर मधल्या काळात १४ जुलै होऊन गेला आणि ‘मी वेळेत पाठवले होते’ हे म्हणणे नियमाच्या दृष्टीने शून्य झाले. ऑनलाइन अर्ज सही आणि शुल्कावाचून पुढे सरकतच नाही, म्हणून कागदी अर्जापेक्षा तो केव्हाही बरा. शिवाय १ एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात त्याचे शुल्क ४७० डॉलर आहे, तर कागदी अर्जाचे ५२०.

या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारे पत्र. ते आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण त्यावर छापलेल्या तारखेपर्यंत उत्तर पोहोचलेच पाहिजे, कारण ती मुदत वाढवून मिळत नाही आणि उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिला असे समजून तो नामंजूर केला जातो. शिक्षण संपल्यावर विद्यार्थी घर बदलतात, जुन्या पत्त्यावर पत्र पडून राहते आणि नकार आल्यावर मागची विचारणा कळते, हा प्रकार इतका टाळण्यासारखा असूनही घडतो. दर्जाच्या नियमानुसार नवा पत्ता दहा दिवसांच्या आत कळवायचाच असतो. तो टपाल खात्यालाही कळवणे शहाणपणाचे.

६. नकार कशामुळे येतो

तारखांखेरीज आणखी काही कारणे वारंवार दिसतात. शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या कामाला सीपीटी म्हणतात. ते पूर्णवेळ स्वरूपात बारा महिने किंवा अधिक केले असेल, तर त्याच पातळीवरची ओपीटी मिळत नाही. एका पातळीवर बारा महिन्यांची ओपीटी एकदाच मिळते, म्हणजे पदवीनंतर एकदा, पदव्युत्तर पदवीनंतर एकदा आणि डॉक्टरेटनंतर एकदा, दुसरी एम. एस. केली म्हणून ती पुन्हा मिळत नाही. अर्जात पात्रतेचा प्रकार कंसांतल्या अक्षर-अंकांनी लिहायचा असतो, आणि शिक्षणानंतरच्या ओपीटीऐवजी स्टेम वाढीचा किंवा शिकत असतानाच्या ओपीटीचा प्रकार निवडला गेला तर अधिकारी मागितलेल्या प्रकाराची पात्रता तपासतो, मनातल्या नव्हे. एखाद्या सत्रात परवानगीशिवाय विषय सोडून पूर्णवेळ नोंदणी मोडली असेल, तर प्रश्न ओपीटीपुरता न राहता दर्जाचा होतो आणि ते कारण सर्वांत गंभीर.

स्टेम वाढीच्या अर्जात नोकरी देणाऱ्याच्या बाजूचीही कारणे येतात. कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ या सरकारी पडताळणी व्यवस्थेत नोंदलेली नसणे, आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा नीट नसणे किंवा पदवीचा विषय सरकारच्या स्टेम यादीत न बसणे, ही त्यांतली ठळक.

७. पत्र कसे वाचावे

नकाराचे पत्र हाती पडताच बहुतेक जण ‘डिनाइड’ हा शब्द वाचून थांबतात, आणि उपयोगाचा मजकूर त्याच्यापुढे असतो. पत्रात सुरुवातीला अर्जाचा पावती क्रमांक असतो, तीन अक्षरे आणि दहा अंकांचा. पुढे नियमाचा क्रमांक देऊन कोणती अट पुरी झाली नाही ते लिहिलेले असते. आणि शेवटाकडे या निर्णयावर अपील करता येत नाही, मात्र आय-२९०बी हा अर्ज तीस दिवसांच्या आत करता येतो, अशा अर्थाचा परिच्छेद असतो. हे तीस दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजले जातात, पाकीट उघडल्यापासून नव्हे; निर्णय टपालाने पाठवला असेल तर तीन दिवस जादा मिळतात.

पत्राशेजारी अर्जाची पहिली पावती ठेवून पाहावी. तिच्यावर ‘रिसिव्ह्ड डेट’ आणि ‘नोटिस डेट’ अशा दोन तारखा असतात, आणि अर्ज वेळेत होता की नव्हता हे पहिलीवरून ठरते. नकाराच्या पत्रात दुसरीचा आधार घेतलेला दिसला, किंवा कुरिअरच्या पोचपावतीवरची तारीख या दोहोंपेक्षा आधीची असली, तर चूक कार्यालयाची असण्याचा भक्कम पुरावा विद्यार्थ्याच्या हातात आहे. म्हणून पोचपावती, आय-२० च्या सर्व आवृत्त्या आणि पाठवलेल्या अर्जाची प्रत ही कार्ड मिळेपर्यंत टाकून देऊ नयेत.

८. पुढचे मार्ग

पहिला फोन डीएसओला, आणि तो त्याच दिवशी. सेव्हिसमधली नोंद काय दाखवते व राहण्याची किती मुदत उरली आहे हे तेथेच पाहता येते. साठ दिवसांची मुदत शिल्लक असेल, तर नवी शिफारस आणि नवा अर्ज हा मार्ग इतर सर्वांहून स्वस्त, जलद आणि खात्रीचा आहे. नकार चुकीचा आहे हे सिद्ध करण्याच्या ईर्षेने त्या दिवसांत वाद घालत बसणे म्हणजे हातची वेळ घालवणे होय.

मुदत संपली असेल, तर आय-२९०बी उरतो. त्यात दोन वेगळ्या मागण्या करता येतात. कार्यालयासमोर नसलेली नवी वस्तुस्थिती व तिचा पुरावा देऊन प्रकरण पुन्हा उघडण्याची मागणी ही एक. समोर असलेल्याच कागदांवर नियम चुकीचा लावला, म्हणून फेरविचार व्हावा ही दुसरी. सहीची आठवण राहिली नाही, डीएसओने सांगितले नाही, परीक्षा होती, अशी कारणे या दोन्हींत बसत नाहीत. त्याचे शुल्क ८०० डॉलर आहे आणि तो प्रलंबित असताना काम करण्याचा किंवा राहण्याचा कोणताही नवा हक्क मिळत नाही. त्यामुळे चूक विद्यार्थ्याची असेल तर हे ८०० डॉलर वाचवलेले बरे. चूक कार्यालयाची असेल तर मात्र हाच अर्ज योग्य, आणि त्याच्या जोडीला आपण राहतो त्या मतदारसंघातील अमेरिकी संसद सदस्याच्या कार्यालयाला पत्र लिहिता येते. ही कार्यालये मतदार नसलेल्या रहिवाशांच्याही अडचणी सरकारी खात्यांकडे पाठवतात. निर्णय बदलणे त्यांच्या हातात नसले तरी विसरलेल्या फायलीकडे लक्ष जाते. त्यापुढचा मार्ग संघीय न्यायालयाचा आहे, तो वकिलाशिवाय चालण्यासारखा नाही आणि ज्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे काम पणाला लागले आहे त्याला त्याचा कालावधी बहुधा परवडत नाही.

पुन्हा शिकायला लागणे हा आणखी एक मार्ग. दर्जा शिल्लक असताना सेव्हिसमधली नोंद नव्या संस्थेकडे किंवा वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमाकडे वळवता येते आणि तो अभ्यासक्रम पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. डॉक्टरेट करण्याची इच्छा खरोखर असेल तर हे ठीक. पण पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी देऊ करणाऱ्या काही संस्था अशा अडचणीतल्या विद्यार्थ्यांवरच डोळा ठेवून असतात, आणि तेथे भरलेली फी पुढे एखाद्या अधिकाऱ्यासमोर ‘शिक्षण खरे होते का’ या प्रश्नाचे उत्तर देताना महागात पडू शकते.

कंपनीने एच-१बी या नोकरीच्या वर्गासाठी अर्ज करावा ही सूचना घरून हमखास येते. त्या वर्गात दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा असतात, नोंदणी मार्चमध्ये होते आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू होते. तेव्हा जून-जुलैत नकार मिळालेल्या विद्यार्थ्याला, मार्चमध्ये आधीच निवड झालेली नसेल तर, त्याचा तातडीचा उपयोग नाही. निवड झाली असेल आणि साठ दिवसांच्या आत दर्जा बदलण्याचा अर्ज कंपनीने केला, तर विद्यार्थ्याला तेथे थांबता येते, पण ओपीटी नसल्यामुळे मधल्या काळात काम करता येत नाही.

९. तोवर काम चालू ठेवता येते का

नाही. पहिली ओपीटी मागणाऱ्याला कार्ड हाती येऊन त्यावरची तारीख उजाडेपर्यंत काम करता येत नाही. स्टेम वाढ वेळेत मागितलेल्याला जुन्या कार्डाची मुदत संपल्यावरही १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते खरे, पण नकार येताच ती सवलत त्या दिवशी संपते, आणि कंपनीला लगेच कळवावे लागते. ‘निर्णय बदलेल, तोवर घरून काम कर’ असे व्यवस्थापकाने प्रेमाने सांगितले तरी ते ऐकू नये. नकार ही दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट आहे; परवानगीशिवाय केलेले काम पुढच्या प्रत्येक अर्जात आडवे येते.

मुदत संपल्यावर थांबून राहण्याचाही विचार करू नये. ‘डी/एस’ नोंद असलेल्या विद्यार्थ्याचे बेकायदा वास्तव्य, यूएससीआयएसने किंवा स्थलांतर न्यायाधीशाने तसा औपचारिक निष्कर्ष काढल्यानंतरच मोजले जाते हे खरे. पण ते सलग १८० दिवसांहून अधिक झाले तर देश सोडल्यावर तीन वर्षांची आणि वर्षभर झाले तर दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते. शिवाय अर्ज नामंजूर झाल्यावर ज्याचे वास्तव्य कायदेशीर उरत नाही, त्याला देशाबाहेर काढण्याच्या कारवाईची नोटीस देण्याचे धोरण यूएससीआयएसने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आहे. नकारात दर्जा मोडल्याचा उल्लेख असेल तर स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडे जाण्यात दिवस दवडू नये. अनुभवी मित्र, सल्लागार किंवा व्हॉट्सॲपचा गट त्या जागी चालत नाही.

१०. घरच्या बाजूने

अर्ज प्रलंबित असताना मे महिन्यातल्या लग्नासाठी गावी येण्याचा आग्रह घरच्यांनी करू नये. शिक्षण संपलेला विद्यार्थी भारतात असताना नकार आला, तर ओपीटीच्या आधारे परत जाण्याचा मार्गच उरत नाही आणि मुदत शिल्लक असली तरी नवा अर्ज करणे हातून जाते.

परत यायचे ठरले तर दोन कामे आधी उरकावीत. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. डॉलरमधल्या पगाराचा हिशेब धरून कर्ज काढले असेल आणि घर तारण असेल, तर पहिला हप्ता चुकण्याची वाट न पाहता शाखेत जाऊन फेररचनेविषयी बोलावे. दुसरे काम नोकरी देऊ केलेल्या कंपनीशी. हिंजवडी, खराडी किंवा बाणेरला ज्या अमेरिकी कंपन्यांची केंद्रे आहेत, त्यांपैकी एखादीने नेमणूक केली असेल, तर तीच नेमणूक पुण्यात मागता येते. तेथे सलग एक वर्ष व्यवस्थापकीय किंवा विशेष ज्ञानाच्या पदावर काम झाल्यावर कंपनी एल-१ या बदलीच्या वर्गात अमेरिकेला पाठवू शकते, आणि त्या वर्गाला एच-१बीसारखी सोडत नसते.

पुढे कधी वकिलातीत अर्ज करताना ‘व्हिसा कधी नाकारला गेला आहे का’ असे विचारले जाते. ओपीटीचा नकार म्हणजे व्हिसाचा नकार नव्हे, त्यामुळे त्या प्रश्नाचे उत्तर याने बदलत नाही. पण मुलाखतीत विषय निघाला तर खरे सांगावे आणि पत्राची प्रत जवळ असावी.

या प्रकरणातले आकडे वापरण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ‘डी/एस’ नोंद बंद करून ठरावीक मुदत देण्याचा आणि शिक्षणानंतरची साठ दिवसांची सवलत तीसवर आणण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. तेव्हा आय-२० हाती आल्यावर त्या दिवशी लागू असलेली मुदत डीएसओकडून लेखी विचारून घ्यावी आणि मगच दिवस मोजायला सुरुवात करावी.